हातात द्यायचा फोटो

राहुरीच्या स्टँडसमोर चाचांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे पासपोर्ट साइझ फोटो काढायला गेलेला माणूस वीस मिनिटांच्या आत बाहेर आलाय असं कधी झालं नाही. बाहेर एस.टी. सुटायच्या बेतात, फॉर्म भरायची वेळ संपत आलेली, गिऱ्हाईक सारखं मनगटाकडे बघतंय, आणि चाचा कॅमेऱ्यामागून निवांत सांगताहेत, "श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. आता खांदे खाली. अजून खाली. तोंड मिटा. आता घरचं कुनीतरी लई दिवसांनी दारात आलंय, असं बघा." माणूस शेवटी वैतागून खरोखरच मोठा सुस्कारा सोडायचा आणि चाचा नेमकं तेव्हा बटण दाबायचे. आमच्या कृषी विद्यापीठातल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रांवर जे समाधानी चेहरे दिसतात, ते सगळे चाचांना कंटाळलेल्या माणसांचे आहेत.

मीही त्यातलीच. विद्यापीठात मी तांत्रिक सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याकडे काम आलं ते रोगट पानांचे फोटो काढण्याचं. डाळिंबाचा तेल्या, कांद्याचा करपा, उसाचा तांबेरा. दुसऱ्यांच्या मुली आईवडिलांना सहलीचे फोटो पाठवत होत्या आणि मी करप्याचे. असेच काही फोटो मोठे करून घ्यायला मी चाचांकडे गेले. त्यांनी करप्याच्या एका पानाचा फोटो दिव्याखाली धरला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कुनी काढला?"

"मी."

"ऊन पानाच्या मागून घेतलंय."

"हो. नाहीतर डाग उठून दिसत नाहीत."

"रविवारी काय करता मॅडम?"

मला वाटलं, लग्नाच्या ऑर्डरीला मदतनीस हवाय. मी नकाराची तयारी करत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "डोंगरावर येता का? दोर लावून चढायचं. चार जनं असतो आमी. पोरीसोरी बी येतात." एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाला श्वास सोडायला सांगायला निघूनही गेले.

तेव्हा चाचा पंचावन्नच्या आसपास होते. काटकुळे, कानांच्या पाळ्या बाहेर आलेल्या, चालताना थोडे पुढे झुकलेले. रस्त्यावर बघितलं तर कुणालाही वाटावं, या माणसाला कुणीतरी हात धरून स्टँड ओलांडून द्यायला पाहिजे. हाच माणूस अकोले तालुक्यातल्या सुळक्यांवर, जिथे पायाचं बोट टेकायलाही जागा नाही, तिथे भिंतीवरच्या पालीसारखा सरसर वर जायचा. आणि तेही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बाकीचे आम्ही जुने टी-शर्ट घालून जायचो. चाचा मात्र रविवारी पहाटे नवरदेवासारखे तयार. चाची इस्त्री फिरवता फिरवता म्हणायच्या, "डोंगर काय निकाहाला बोलावतो का ह्यांना?" चाचांचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "खालनं दोर धरनाऱ्याला मी दिसाय पायजे. काळ्या दगडावर पांढराच दिसतो."

कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली होती, निवडणुकीनंतर कुणीतरी फेकून दिलेल्या फ्लेक्सची. पावसात भिजत नाही आणि दगडावर घासली तरी फाटत नाही, म्हणून. शिवताना झाकणावर नेमका कुठल्याशा उमेदवाराचा डावा डोळा आला होता. चाचा चढायला लागले की तो डोळा त्यांच्या कमरेला लटकून आमच्याकडे आश्वासक नजरेने बघत वर जायचा.

हे सगळं गमतीचं झालं. पण चाचांचे दोन कायदे होते, आणि त्यांच्यात मात्र गंमत चालायची नाही.

पहिला कायदा दोराचा. एक जण चढत असतो तेव्हा दुसरा खालून त्याचा दोर धरून असतो. वरचा निसटलाच तर खालच्याने उजव्या मुठीत दोर आवळून खाली दाबायचा, की त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या खटक्यात दोर अडकतो आणि माणूस हवेत थांबतो. म्हणून तो उजवा हात दोरावरून हलवायचा नाही. माशी बसली, नाक खाजलं, फोन वाजला, तरी नाही. "हात दोनच दिलेत अल्लानं," चाचा म्हणायचे, "कॅमेऱ्याचा हात तिसरा. ज्याला तिसरा असंल त्यानं खुशाल फोटो काढावा."

दुसरा कायदा फोटोचा. डोंगरात कुणाचा फोटो काढला, तर तो छापून त्या माणसाच्या हातात द्यायचा. मोबाइलवर पाठवायचा नाही, कुणाबरोबर धाडायचा नाही. आणि जोवर तो पोचत नाही तोवर डोंगरात पुढचा फोटो काढायचा नाही. माणसाचाही नाही आणि डोंगराचाही नाही. दुकानातल्या फोटोंना हा नियम नव्हता, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं. माझ्या पानांनाही चाचांनी सूट दिली होती. "पानाला काय पोचवनार? त्याला कळतंय थोडंच, आपन कसं दिसतो ते."

मला आधी हा नुसता म्हातारचळ वाटला. मग हरिश्चंद्रगडावर आमची ती सकाळ आली.

आम्ही तोलार खिंडीतून वर चढून गडावर मुक्काम केला होता. सकाळी कोकणकड्यावर गेलो. खाली दरीत ढग दाटलेले, पाठीमागून ऊन वर आलेलं, आणि एकाएकी त्या ढगांवर इंद्रवज्र उमटलं. इंद्रधनुष्य अर्धं असतं, हे पुरतं गोल. त्या गोलाच्या मधोमध आमच्याच सावल्या. कितीतरी वर्षं येऊनही काहींना ते एकदाही दिसत नाही. कड्यावर एकच गलका उडाला. जो तो आपापला फोन काढून धावला. आणि आमच्यातला एकमेव खरा फोटोग्राफर हात पाठीमागे बांधून उभा.

"चाचा, कॅमेरा काढा की!"

"हौसाबाईचा फोटो पिशवीत हाय अजून."

हौसाबाई म्हणजे गडाच्या दुसऱ्या पायथ्याला, पाचनईला राहणारी म्हातारी. आम्ही तिच्याकडे जेवायचो. चाचांनी मागच्या खेपेला तिचा भाकरी थापतानाचा फोटो काढला होता. तो द्यायचा होता उतरताना, म्हणजे दुपारी.

"अहो, चार तासांनी तर देणारच आहात! हे काय चार तास थांबणार आहे?"

"हे परत यील," चाचा म्हणाले. "म्हातारी ऐंशीच्या पुढं हाय."

मिनिटभरात इंद्रवज्र विरलं. मला चाचांचा असा राग आला की मी गड उतरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. दुपारी त्यांनी हौसाबाईंच्या हातात फोटो ठेवला. म्हातारीने तो उलटा धरला, सुलटा धरला, पदराने पुसला, आणि म्हणाली, "अगं बया, मी अशी दिसते व्हय? मग कुनी सांगितलं न्हाई ते इतकी वर्सं!" आणि ती लाजली. ऐंशी वर्षांच्या बाईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून मी दुसरा कायदा मुकाट्याने पाळू लागले.

पहिला कायदा मोडला तो मीच.

तोवर मला दोन वर्षं झाली होती. चाचांचा दोर धरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं आणि मला त्याचा थोडा माजही आला होता. अकोले तालुक्यातल्या एका सुळक्यावर चाचा पुढे चढत होते. सकाळचे नऊ-साडेनऊ. आमच्याबरोबरचे दोघं पाणी आणायला खाली गेलेले. विद्यापीठाचा छोटा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. वर बघितलं तर काळ्या कातळावर तिरपं ऊन आलेलं, चाचांचा पांढरा शर्ट वाऱ्याने फुगलेला, एक हात वरच्या खाचेत आणि मागे नुसतं आभाळ. असा फोटो मला जन्मात मिळणार नव्हता. एकच सेकंद, असं मी स्वतःला सांगितलं. उजवा हात दोरावरून काढला आणि बटण दाबलं.

चाचांचा पाय त्याच सेकंदाला निसटला.

दोर माझ्यासमोरून सरसरत गेला. मी दोन्ही हातांनी झडप घातली, तळव्यांची कातडी निघाली, दोर थांबला. पण तोवर चाचा खालच्या टप्प्यावर आपटले होते. त्यांचा घोटा मोडला. पायथ्याच्या गावातल्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि त्यांना खाली नेलं. वाटेत चाचांनी माझे तळवे बघितले आणि डोलीतूनच ओरडले, "तिच्या हाताला आधी पानी लावा!" मी डोलीमागून चालत होते. मी कॅमेरा हातात घेतला होता, हे कुणीच बघितलं नव्हतं. चाचांनी मात्र वरून बघितलं होतं. पडता पडता आमची नजरानजर झाली होती.

त्यानंतर मी चाचांकडे गेले नाही. दवाखान्यात एकदा, तेही ते झोपेत असताना. पुढे तर स्टँडसमोरून जायचंही टाळायला लागले. पानांचे फोटो छापून घ्यायला चाळीस किलोमीटरवर नगरला जायचे आणि ऑफिसात सांगायचे, तिकडे छपाई चांगली होते. खोटं बोलायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

साधारण पाच महिन्यांनी चाचा एकदा माझ्या क्वार्टरवर आले. खिडकीतून मला आधी पांढरा शर्ट दिसला, मग काठी, मग हातातलं खाकी पाकीट. मी शेजारच्या काकूंना हात जोडून सांगितलं, मी घरात नाही म्हणून सांगा. काकूंनी सांगितलं. पाकीट ठेवून घेऊ का, असंही विचारलं. "नको," चाचा म्हणाले, "त्यांच्याच हातात द्यायचंय." मी दाराच्या आड उभी होते. त्या पाकिटात काय असेल, असा विचारही मी करू धजले नाही. एक्स-रे असेल, असं वाटलं. असा इथे मोडला, बघ, म्हणून दाखवायला आणलेला.

गावात एव्हाना बातमी पसरली होती की चाचांचा पाय बरा झालाय, डोंगरावर जायलाही लागलेत, पण कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. पिशवी कमरेला असते, त्यावरचा तो डोळा असतो, कॅमेरा मात्र बाहेर येत नाही. "पडल्यापासून धसका घेतला बिचाऱ्यानं," असं लोक म्हणायचे. मी ते ऐकायचे आणि रात्रभर जागी राहायचे. घोटा मोडला तो जुळला, पण एका माणसाच्या डोळ्यातलं ते वेड मी संपवलं, असं मला वाटायचं. मी स्वतः तर डोंगराचं नावच टाकलं होतं.

वर्ष व्हायला आलं तेव्हा नगरच्या त्या दुकानदाराने एक चूक केली. मी कॅमेऱ्याचं कार्ड देऊन ठरावीक दहा फोटो सांगून चहाला गेले, आणि त्याने सगळंच्या सगळं कार्ड छापून टाकलं. परत आले तर पानांच्या गठ्ठ्यावर तो फोटो.

"मॅडम, हे काय रोगाचं न्हाई वाटत," दुकानदार म्हणाला, "पन लई भारी हाय. कोन हाय हा मानूस?"

मी तो फोटो वर्षभर उघडून बघितला नव्हता, आणि पुसलाही नव्हता. आता तो छापून माझ्या हातात होता. डोंगरात काढलेला, माणसाचा, न पोचवलेला. चाचांचा कायदा माझ्या चांगलाच अंगवळणी पडला होता. राहुरीपर्यंत एस.टी.त मी तो पाकिटात घालत होते, काढत होते. विद्यापीठाच्या फाट्यावर उतरले नाही. स्टँडला उतरले आणि रस्ता ओलांडला.

आत एक मुलगी नोकरीच्या अर्जासाठी खुर्चीवर बसली होती आणि चाचा तिला खांदे खाली घ्यायला सांगत होते. मी कोपऱ्यात उभी राहिले. त्यांनी मला बघितलं आणि त्या मुलीला पुन्हा श्वास सोडायला सांगितलं. ती गेल्यावर मी फोटो काउंटरवर ठेवणार होते. मग आठवलं, आणि तो त्यांच्या हातात दिला.

"चाचा, माझं चुकलं. हात मी सोडला होता. ह्याच्यासाठी."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. फोटो दिव्याखाली धरला. अगदी पहिल्या दिवशी करप्याचं पान धरलं होतं तसाच. मला वाटलं, आता सांगतील, पाय माझाच निसटला होता, तुझा काय दोष. घरचे सगळे मला तेच सांगत होते. चाचांनी तसलं काही सांगितलं नाही.

"चूक तुझीच," ते म्हणाले. "दोर धरला असतास तर मी हातभर खाली आलो असतो, बास." मग फोटो थोडा लांब धरून म्हणाले, "आनि फोटो बी तुझाच. असा माझा कुनीच काढला न्हाई आजवर."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. चाचांनी मला रडू दिलं. मग खाली वाकून त्यांनी ड्रॉवरमधून ते खाकी पाकीट काढलं. कोपरे मऊ पडले होते.

"घे. तुझा बी एक राहिलाय माझ्याकडं."

एक्स-रे नव्हता. मीच होते. पडण्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी सुळक्याच्या माथ्यावरून माझा फोटो काढला होता, मी दुसऱ्या कुणाचा तरी दोर धरलेला असताना. मान वर, डोळे चढणाऱ्यावर, दोन्ही मुठी दोरावर. मागे काय आहे, उजेड कुठून येतोय, कशाचंच भान नसलेली मी. मला माझा चेहरा ओळखू येईना, इतका तो भरवशाचा दिसत होता.

"हा द्यायलाच आलो हुतो तुझ्याकडं. तू घरात न्हवतीस."

"होते," मी म्हणाले.

"ठाव हाय. चपला दारात हुत्या."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "चाचा, म्हणजे तुम्ही वर्षभर डोंगरात कॅमेरा काढला नाही तो..."

"हा पोचला न्हवता ना," चाचा म्हणाले. जणू इंद्रवज्र, वर्षभराच्या तिन्ही ऋतूंचे डोंगर, सगळं सोडून देणं ही दुकानाचं शटर खाली ओढण्याइतकी साधी गोष्ट होती. "दोनदा दिसलं ते गोल इंद्रधनुष्य ह्या पावसाळ्यात. लई ग्वाड हुतं. बघितलं मी आपलं."

मी काढलेला तो फोटो त्यांनी त्याच दिवशी दुकानाच्या काचेत लावला. काचेत आजवर फक्त नवऱ्या आणि बारशाची बाळं असायची. आता मधोमध हवेत लटकलेला पांढरा शर्ट. येणारे-जाणारे विचारायचे, हा कोण. चाचा सांगायचे, "मीच. पडायच्या जरा आधी." ते इतक्या आनंदाने सांगायचे की लोकांना वाटायचं, थट्टा चाललीय.

त्याच रविवारी त्यांनी मला मांजरसुंब्याच्या डोंगराकडे नेलं. मोठं काही नव्हे, नवशिक्यांना शिकवायचा तीसेक फुटी कातळ. चाचांनी दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्यापुढे केलं. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी द्या. ते म्हणाले, दुसरं कुणी आज बोलावलेलंच नाही. तळव्यांवरचे वण अजून गुळगुळीत होते. मी दोर धरला.

चाचा जपून चढत होते, उजवा पाय थोडा तोलून. मध्यावर गेले तेव्हा लांब मुळा धरणाच्या पाण्यावरून बगळ्यांची एक रांग उठली आणि थेट त्यांच्या पाठीमागून गेली. काळा कातळ, पांढरा शर्ट, पांढरे बगळे. तो फोटो मी काढला नाही. आजही डोळे मिटले की तो मला लख्ख दिसतो.

माथ्यावर पोचून त्यांनी स्वतःला झाडाला बांधून घेतलं आणि हाक दिली, "बांधलंय मी! सोड आता दोर!"

मी सोडला नाही.

"अगं सोड की! मी बसलोय आरामात!"

"नाही सोडत!"

"अगं खुळे, मला वर कॅमेरा काढायचाय, दोर वढतोय!"

"नाही सोडत म्हटलं ना!"

वरून हसण्याचा आवाज आला. मग फ्लेक्सच्या पिशवीवरचा तो डोळा बाजूला झाला आणि एका वर्षानंतर कॅमेरा बाहेर आला.

तो फोटो त्यांनी बुधवारी क्वार्टरवर आणून दिला. मी दार उघडंच ठेवलं होतं. फोटोत मी दोन्ही हातांनी दोर कवटाळून, खांदे कानापर्यंत चढवून, तोंडाचा आ वासून वर ओरडायच्या बेतात आहे. चाचांनी तो माझ्या हातात ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि जरा वेळ बघत राहिले.

"श्वास धरलेला, खांदे वर, तोंड उघडं," ते म्हणाले. "पासपोर्टला न्हाई चालायचा. बाकी एकदम बरोबर हाय."